साल्झबर्गची वीतभर बासरी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

ऐकू येते मले. सगळं ऐकू येते. कोन म्हनते नाही येत? आजकाल लोकच पुटपुटतात. मोबाईल तोंडापाशी धरून धरून साऱ्याइचा आवाज बसला — अन् दोष माह्या कानाले!

आज गोंदियाले कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. रुख्मानं नेलं. बायकोनं एकदा ठरवलं की ठरवलं, आपन फक्त चप्पल घालायची. डॉक्टर म्हनजे पोरगंच. काचेच्या खोलीत बसवलं, कानाले फोन लावले, म्हने, "काका, आवाज आया तो बटन दबाना." आवाजच नाही आला तं बटन कायले दाबू? बसलो तसाच. मशीन बिघडली असन त्याची.

मंग कागद दाखवला. त्याच्यावर एक रेघ. आधी सपाट, मंग उतार, मंग एकदम कडा. म्हने, "नीचे का सब ठीक है काका, ऊपर के सुर गए. मशीन लगाना पड़ेगा."

मी म्हटलं, बापू, चाळीस वर्ष झाले पेट्या लावून राहिलो. इकडं सौंदड, तिकडं साकोली — भजनाची पेटी असो का नाटकाचा ऑर्गन असो, बेसूर झाला की माह्या ओट्यावर येते. रुख्मा भाता मारते, मी म्हटला तो सूर दाबते, मी कानस घेऊन घासतो. वरचे सूर गेले म्हनून तू मले सांगून राहिला?

गाडीत रुख्मा खिडकीबाहेर पाहत बसली. सौंदड आलं तेव्हा म्हने, "उतरा." बस.

१० सप्टेंबर

टेकचंद आला होता. त्याची नाटकाची मंडळी आहे, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हनजे जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत रोज एक गाव. ऑर्गन लावून पाह्यजे. म्हटलं, रविवारी मी परदेशात जाऊन राहिलो, आल्यावर लावतो. म्हने, "काही घाई नाही काका, आरामात लावा."

घाई नाही! याच टेकचंदनं मागं एकदा ऑर्गनसाठी तीन दिवस माह्या ओट्यावर ठाण मांडलं होतं.

आता जे कोनाले बोललो नाही ते लिहितो. मागच्या साली त्याच्या ऑर्गनचे वरचे सूर लावताना मले नीट ऐकू आले नाही. त्याच्या आधीच्या दोन सालीही नाही. हाताच्या अंदाजानं घासले. कोनाची तक्रार आली नाही. म्हनजे बरोबर लागले असतीन. चाळीस वर्षाचा हात आहे.

पन मनात खुटखुट आहे. म्हनून तं चाललो. नाही तं मी कायले जातो? खुशी — माह्या पोराची, योगराजची पोरगी, माही नातीन — तिकडं साल्झबर्ग म्हनून लहान शहर आहे, तिथल्या दवाखान्यात नर्स आहे दोन वर्षापासून. किती दिवसाची मांगं लागली. "आबाजी, इथं डोंगर आहेत, अन् गानं-बजावनं तं असं की गल्लीगल्लीत. वाद्यं एकदम सुरात." तिनं व्हिसा-तिकिटं सारं काढून ठेवलं, तरी मी नाहीच म्हनत होतो. मंग त्या कागदावरचा कडा पाह्यला, अन् डोकं चाललं.

सुरात असलेलं वाद्य ऐकायचं. वरचे सूर आले ऐकू, तं कान चांगला, अन् आपल्याकडच्या पेट्याच म्हाताऱ्या झाल्या. नाही आले तं टेकचंदले तोंडावर सांगायचं, पेट्या लावनं बंद. एक घाव दोन तुकडे.

येतीन ऐकू. कायले नाही येनार.

१३ सप्टेंबर

रुख्मानं चार किलो पोहे, लाखोरीची डाळ, लोनच्याच्या तीन बरन्या बांधल्या. म्हटलं, तिथले लोक काय उपाशी आहेत? म्हने, "तुमी गप राहा. तुमाले दुसऱ्या दिवशी वरनभात लागन, तवा माह्या तोंडाकडं पाहान." धान निसवून राहिलं. बांधीतलं, धानाच्या खाचरातलं, पानी योगराज पाहीन.

१६ सप्टेंबर, मंगळवार. साल्झबर्ग.

पोहोचलो. नागपूर, मंग दोहा, मंग म्युनिक, तिथून रेल्वे. इमानाचं काही लिहीत नाही, बसून बसून पाय सुजले. रुख्मा खिडकीतून ढग पाहून म्हने, "कापूस पिंजून ठेवला." अन् झोपली.

पन हे गाव!

सकाळी खुशीच्या घराची खिडकी उघडली तं समोर काहीच नव्हतं. पांढरं. नागझिऱ्याच्या तलावावर हिवाळ्यात धुकं बसते ना, तसं — पन इथं सारं गावच तलावात ठेवल्यासारखं. मंग त्यातून एक किल्ला निघाला, हवेत. खाली डोंगर नाही, जमीन नाही, नुसता किल्ला लोंबकळून राहिला. मंग घराचे हिरवे घुमट. मंग दूर, लय वर, जिथं मी आभाळ समजून राहिलो होतो तिथं — डोंगर. टोकाले बर्फ. मी चहा हातात धरून उभा. थंडा झाला चहा.

गावातून नदी जाते. पानी हिरवं, दुधाळ. धान दुधात आलं की दाना चिमटीत दाबला तं जे निघते, त्या रंगाचं. एवढी मोठी नदी वाहून राहिली अन् आवाज काही नाही. गुपचूप वाहते. लोकही गुपचूप. सायकलीही गुपचूप. अन् एवढ्या झाडाइवर पाखरं नाहीत! आपल्याकडं या वेळेले बुलबुल, सातभाई नुसता गोंधळ घालतात.

दुपारी देवळाच्या घंटा वाजल्या. मोठ्या, हंड्याएवढ्या. छातीत वाजल्या, पायाखालच्या दगडात वाजल्या. ऐकू आल्या ना! साफ! मी खुशीले म्हटलं, "हा खालचा पंचम आहे." ती हसली, "आबाजी, तुम्हाले सगळीकडं पेटीच दिसते."

दिसते नाही. ऐकू येते.

१७ सप्टेंबर

सकाळी रुख्मा म्हने, "पाखराइनं झोप मोडली आज. केवढी चिवचिव!"

मी म्हटलं, हो ना. लय कालवा करून राहिले.

आज डोंगरावर गेलो. तारेवर टांगलेला काचेचा डब्बा असते, त्यात बसवून वर वढतात. रुख्मानं डोळे मिटले अन् माहा दंड धरला. मी उघडे ठेवले. खाली झाडं, मंग नुसते दगड, मंग ढग — ढग खाली! आपन ढगाच्या वर. मांगं कोनतं गाव आहे, पुढं कोनता देश आहे, काही दिसत नाही. पांढऱ्यावर ऊन पडून राहिलं अन् त्यातून डोंगराचे नुसते शेंडे निघालेले, जसे पाऊस धुऊन गेल्यावर बांधीतून धुरे, म्हनजे मातीचे बांध, निघतात.

वर गाई होत्या. गोऱ्या-तांबड्या, आंगानं भारी, गळ्यात घंट्या. एक गाय चरत चरत अगदी जवळ आली, मान हलवली. घंटी हलली. मी पाहून राहिलो. हलली, अन् काही नाही.

रुख्मा म्हने, "किती गोड वाजते! आपल्या लालीले अशी पाह्यजे."

म्हटलं, घेऊन जाऊ.

तिथं दगडावर बसलो कितीतरी वेळ. वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. इतकी शांतता होती की वाटलं, सगळ्याइले अशीच ऐकू येत असन. डोंगरालेही घंटी ऐकू येत नसन, तरी तो तिथंच आहे. मंग खुशीनं डब्बा उघडला, पोहे दिले, अन् तो विचार गेला. बरं झालं. असे विचार कामाचे नाहीत.

उद्या खुशी गानं-बजावनं ऐकायले नेनार, तवा पाहू. घंटी दूर होती. वाराही होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी गानं-बजावनं ऐकायले गेलो. सगळं लिहितो, नाही तं डोक्यात फिरत राहीन.

जुना महाल आहे, त्याचा दिवाणखाना. छताले सोन्याची नक्षी, भिंतीले आरसे. खुर्च्या दोनशेक, साऱ्या भरल्या. लोक म्हातारेच जास्त. कोट घातलेले, कोनी बोलत नाही, कोनी खात नाही. म्हटलं, आपल्या नाटकाले लोक घरून गोदड्या अन् मुरमुरे आनतात, इथं खोकलायलेही बंदी.

वाजवनारे पंधरा-सोळा. एक मोठी पोरगी सारंगीसारखं वाद्य, पन मांडीवर नाही, खांद्यावर घेऊन पुढं बसली. आधी एकानं एक सूर दिला अन् साऱ्याइनं आपापलं वाद्य त्याच्यावर मिळवलं. मी खुर्चीत ताठ झालो. हे माहं काम! खालचे मिळाले, मधले मिळाले. डोळे मिटून सांगतो, मिळाले. वरचे — ते बोटं खुंटीवर फिरवून राहिले होते. मिळाले असतीन.

मंग सुरू झालं. काय सांगू! खालच्या मोठ्या वाद्याचा गज एकदा फिरला तं मले आपल्या बोडीचं, शेतातल्या लहान तळ्याचं, पानी दिसलं, जांभळाच्या सावलीतलं, काळं. त्याच्यावर मधले आले, वाऱ्यासारखे, धानावरून वारा जाते अन् सारी बांधी एका अंगावर लवते तसे. मी कुठं बसलो ते विसरलो. परदेश-बिरदेश काही नाही. वाटलं, लहानपनी बापासंगं मळनीवर झोपलो आहो अन् कोनी दुरून बोलून राहिलं.

वर मात्र मधूनमधून खड्डे. गज चालते, बोटं चालतात, अन् तिथं काही नाही. जसा कोनी शिडी चढून ढगात गेला.

पहिला तुकडा संपला. अन् लोक चूप! टाळी नाही! एवढं वाजवलं अन् दोनशे माणसं दगडासारखे बसून! मले राहवलं नाही. आपल्याकडं नाटकात चांगलं गानं झालं अन् मांडव चूप राहिला तं गानारा रडन. मी उभा राहिलो अन् दनकून वरडलो —

"वन्स मोर!"

खुशीनं कोट वढला. "आबाजी! संपलं नाही अजून!"

"संपलं नाही तं थांबले कायले?"

"मधे थांबतात तसं! टाळी शेवटी!"

रुख्मा म्हने, "बसा खाली. बसा म्हनते ना." समोरचा म्हातारा मांगं वळला, मले वाटलं आता भांडन. पन तो हसला, अन् त्यानं अंगठा दाखवला. खांद्यावर वाद्य घेतलेल्या पोरीनं गज उचलून मले सलाम केला. मी पन केला. तोंड तापलं होतं माहं.

शेवटी टाळ्या झाल्या, मोप झाल्या. ते आत गेले, पुन्हा आले. त्या पोरीनं गजानं माह्याकडं दाखवलं अन् काही बोलली. सारा दिवाणखाना हसला. खुशी कानापाशी आली, "म्हनतात, तुम्ही मागितलं म्हनून आनखी एक."

अन् मांगून एक बाई उठली. चांदीचे केस. हातात बासरी — पन वीतभर! पोराच्या खेळन्यासारखी. पुढं येऊन एकटीच उभी राहिली. बाकी साऱ्याइनं वाद्यं मांडीवर ठेवली.

म्हटलं, चला. हेच पाह्यजे होतं. खाली काही नाही, मधे काही नाही. एकटी बासरी, एकटा मी.

तिनं ओठाले लावली. गाल आत गेले. बोटं चालली.

मी वाट पाहून राहिलो.

बोटं पळून राहिली होती, भुवया वर जाऊन राहिल्या होत्या, छाती भरून राहिली होती. पहिल्या फुंकीले जराशी हवा आल्यासारखी वाटली, मंग तीही गेली. दोनशे माणसं श्वास धरून बसले होते. समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे भरले. सारे काहीतरी ऐकून राहिले होते अन् मी त्या पांढऱ्या ढगात एकटा. आरशात ऊन. आरशात ती बाई, अन् तिच्यामांगं आनखी एक, अन् आनखी एक, लहान लहान होत गेलेल्या, साऱ्या वाजवून राहिल्या. अन् कुठं काही नाही.

तवा मनगटावर कायतरी हललं.

रुख्माचा हात माह्या हातावर होता. तिचे डोळे मिटलेले. तिची बोटं माह्या मनगटावर चालून राहिली होती. चढली तं वर, उतरली तं खाली, थरथरली तं थरथर. मुद्दाम नाही. तिले माहीतही नव्हतं. ती आपली ऐकून राहिली होती. मी त्या बाईच्या बोटाकडं पाह्यलं अन् इकडं मनगटावर. बरोबर! एक सूर चुकला नाही!

म्हनजे बासरी होती. सुरात होती. मीच नव्हतो.

१९ सप्टेंबर

पाऊस. कुठं गेलो नाही. वरनभात.

२० सप्टेंबर

खुशीसंगं नदीकाठानं गेलो. रुख्मा मांगं बदकाइले पोहे टाकत येऊन राहिली होती. इथं एका जुन्या वाजवनाऱ्याचं चित्र चॉकलेटच्या कागदावर छापतात. चांगला मान आहे, पन मले नाही बा असं गिळून घ्यायले आवडनार.

खुशीनं विचारलं, "आबाजी, परवाची बासरी आवडली?"

म्हटलं, "बरी होती. जराशी उतरलेली वाटली मले."

ती थांबली. माह्याकडं पाह्यलं, नर्स पाहते तसं. मंग माह्या कोटाची बटनं लावली, वरपासून खालपर्यंत, मी पोरगा असल्यासारखी. म्हने, "असन. तुमचा कान मोठा."

मी नदीकडं पाह्यलं. सूर्य पडला होता पान्यावर. हिरवं दूध. गुपचूप जाऊन राहिलं होतं.

२४ सप्टेंबर. घरी.

आलो. धान चांगलं निसवलं. योगराजनं पानी बरं सांभाळलं. आंगनात सातभाई नाचून राहिले, चोची उघडून मिटून. आता मले माहीत आहे की ते वरडून राहिले.

टेकचंदले सांगायचं. ठरलं ते ठरलं. कसं सांगायचं त्याची तयारी करायची नाही, मानूस तयारीत फसते. "टेकचंद, मले वरचे सूर ऐकू येत नाहीत. तीन सालापासून तुह्या ऑर्गनाची मी माती केली. दुसरा मानूस पाहा." एवढंच.

चाळीस वर्ष. जाऊ द्या.

२८ सप्टेंबर, रविवार

टेकचंद टेम्पोत ऑर्गन घेऊन आला. तो ओट्यावर उतरवायच्या आधीच मी सारं बोलून टाकलं. एका दमात. 

त्यानं खाली पाह्यलं. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हने, "काका, जसं चालून राहिलं तसं चालू द्या ना. आमचा ऑर्गन तं साऱ्या झाडीपट्टीत एक नंबर वाजते. गानारे म्हनतात, असा सूर कुठंच नाही."

मले राग आला. "अरे, मी बहिरा झालो म्हनून सांगून राहिलो, अन् तू मले चढवून राहिला?"

"चढवत नाही काका. खरं सांगून राहिलो."

ऑर्गन ठेवला अन् गेला. चहाही नाही पेला. ही काय रीत झाली? खोटं बोलनाऱ्याले तोंड तरी असावं. उद्या उघडून पाहतो, काय एक नंबर वाजते ते.

२९ सप्टेंबर

उघडला. सूर म्हनजे पितळेची पातळ पट्टी. टोकाले घासली की चढते, बुडाले घासली की उतरते. माही कानस उभी, सरळ चालते, माह्या रेघा मी अंधारात ओळखीन. खालच्या पट्ट्या साऱ्या माह्या. वरच्या साऱ्याइवर माह्या रेघेवरून दुसरी रेघ. बारीक, तिरपी, उलट्या अंगाची. देवळातली पेटी आनून उघडली. तेच. घरातली उघडली. तेच. तीन सालाच्या रेघा, एकावर एक.

उलट्या अंगाची रेघ डाव्या हाताची असते. आमच्या गावात डाव्या हातानं विळा धरनारी बाई एकच. कापनीत तिले पाथीच्या, बायाइच्या रांगेच्या, शेवटी, धुऱ्याकडं उभी करतात, बाजूवालीले विळा लागू नाही म्हनून.

ती आता माह्याच ओट्यावर, डाव्या हातानं तांदूळ निवडून राहिली. मी काही विचारलं नाही. विचारनार नाही. अन् इथंही याच्यापुढं एक अक्षर लिहीत नाही.